काळुरामचा ‘जी’

‘जी’ या एवढ्याशा अक्षराचं मला कधी कौतुक वाटलं नव्हतं. शाळेत व्याकरणाच्या तासाला ते ‘जो, जी, जे’ म्हणून भेटलं आणि हातावर छडी देऊन गेलं. नोकरी लागली तेव्हा साहेबाच्या प्रत्येक वाक्यामागे ‘जी साहेब’ म्हणणारे पट्टेवाले पाहिले, आणि ते मनातून पार उतरलं. स्वराज्य आलं, सरकारी नोकरांना हिंदीच्या परीक्षा आल्या. तिथे कळलं, की कोणाच्याही नावाला जी चिकटवला की तो मोठा होतो. सिनेमाच्या मासिकात तर नटाला जी, नटीला जी, पेटी वाजवणाऱ्यालाही जी. आमच्या शेजारची खानदेशातली बाई थोरल्या दिराला जिभाऊ म्हणायची. तेव्हा इंग्रजी आठवीपासून असे; आमची हेमा इंग्रजी ‘जी’ गिरवायला बसली, की त्याचं शेपूट कुठे वळवायचं यावरून घरात वाद. लोकांनी एका अक्षराला किती कामाला जुंपावं!

पण या अक्षराचा खरा धनी मला कल्याण कॅम्पात भेटला. त्याचं नाव काळुराम.

मी तेव्हा कॅम्पाच्या पाणीखात्यात कारकून होतो. कल्याणला पारनाक्यावर माझं बिऱ्हाड, आणि रोज सायकल मारत कॅम्पात जायचं. लढाईत सोल्जरांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी होत्या त्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना सरकारने त्यांत आणून ठेवलं होतं. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे. सगळीकडे धूळ आणि भांडण, आणि बहुतेक भांडण पाण्याचं. पुढे त्या वस्तीला उल्हासनगर असं गोड नाव मिळालं. धुळीने नाव बदललेलं नव्हतं, म्हणून आम्ही कॅम्पच म्हणत राहिलो.

पाणी सोडण्यासाठी आम्हाला एक चावीवाला हवा होता. काळुराम आला. कळव्याच्या खाडीकडचा आगरी, जन्म मिठागरात गेलेला. पायांना मिठाच्या भेगा, पाठ किंचित वाकलेली, आणि आवाज असा की बांधावरच्या माणसाने पलीकडच्या बांधाला हाक मारावी. तो साधं ‘पानी आला’ म्हणाला तरी दोन बराकींना ऐकू जायचं. पंपाच्या शेडला लागून पत्र्याची एक खोली होती, तीत तो राहायला आला. सामानात एक वळकटी, एक पातेलं आणि कापडात गुंडाळलेली झांज.

झांज कशाला, असं मी विचारलं.

“मी झीलकरी हाय, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “तानाजी शाहिराच्या फडात.”

तानाजी शाहीर ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळ राहणारा. डफ घेऊन तो पोवाड्याची ओळ टाकायचा आणि मागे उभे असलेले झीलकरी ती ओळ संपता संपता वर उचलायचे: जी रं जी, जी जी जी. पोवाडा तुम्ही ऐकलेला असेल, पण मागच्या माणसांकडे बघितलंय का कधी? मीही बघितलं नव्हतं. लोक बघतात ते डफाकडे, फेट्याकडे आणि शाहिराच्या हातवाऱ्यांकडे. मागचा माणूस आयुष्यभर तेवढं एक अक्षर ओढतो. काळुराम ते असं ओढायचा, की पुढे शाहिराला आरामात श्वास घेता यावा, तोंड पुसता यावं आणि पुढची ओळही आठवता यावी.

“आमचा कायदा एकच,” त्याने मला समजावलं होतं. “ओळ खाली पडू द्यायची नाय. शाहिराचा आवाज सरला, की आपला लागलाच पायजे. मधी फट पडली की पोवाडा मेला.”

“आणि तुला नाही वाटत पुढे उभं राहून गावंसं?”

त्यावर तो जरा लाजला. मग म्हणाला, की मिठागराचा एक चौक, म्हणजे पोवाड्याचं एक कडवं, त्याने स्वतः जुळवलाय. लिहिता येत नव्हतं, सगळा तोंडात. एका दुपारी चावी फिरवता फिरवता त्याने दोन ओळी म्हणून दाखवल्या:

खाडीचं पानी कोंडून धरलं, उन्हानं केलं मीठ
वाकली पाठ ती वाकली गड्या, झाली न परत नीट

म्हणून झाल्यावर तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, शाबासकी हवी असेल. मी ‘छान’ म्हटलं. पुष्कळ दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो मागून जी यायची वाट बघत होता. एकदा, फक्त एकदा आपण ओळ टाकावी आणि ती मागून कोणीतरी उचलावी, एवढीच त्या माणसाची हौस होती.

घरी कोण असतं, असं मी विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, “कोन नाय.” बायको ठमाबाई तापाने गेली, मूलबाळ झालं नाही, भावाच्या घरात याला जागा नव्हती. ठमाबाई दुपारी भाकरी घेऊन बांधावर यायची. नवऱ्याचं नाव कसं घेणार, म्हणून नुसतं ‘अवऽऽ’ करून हाक द्यायची, आणि हा आगरातून ‘ओऽऽ’ करायचा. “ती गेली तवाधरनं मना कोनी हाक मारली नाय,” तो म्हणाला. “काम सांगतात लोकं. हाक नाय मारत.”

मीही त्याला कामच सांगायला आलो होतो.

पंपासमोरच्या बराकीत, अगदी टोकाच्या खणात, ईश्वरीबाई नावाची म्हातारी राहायची. सगळे तिला अम्मा म्हणत. पापड लाटून विकायची. कराचीहून आगबोटीने निघाली तेव्हा तिचा मुलगा लछू धक्क्यावरच राहिला. गर्दी उसळली, शिडी काढून घेतली, आणि कोणीतरी तिला सांगितलं की तो पुढच्या बोटीने येईल. पुढची बोट आली, त्याच्या पुढचीही आली, मग बोटी यायच्या थांबल्या.

तिच्या घरची एक रीत होती. दिवेलागणीला आईने दारात उभं राहून मुलाला हाक मारायची, मुलाने असेल तिथून ‘जी अमां’ म्हणायचं, आणि मग ताटं वाढायची. आता मूल नव्हतं, पण रीत म्हातारीने सोडली नव्हती. रोज कंदील लावला की ती दारात येई आणि हाक घाली, “लछूऽऽ!” थोडा वेळ उभी राही. मग आत जाऊन एकटी जेवे. बराकीतल्या माणसांना सवय झाली होती. त्यांचं स्वतःचं काय कमी हरवलं होतं, की दुसऱ्याच्या हाकेपाशी थांबतील?

काळुराम कामावर आला त्याच आठवड्यातली गोष्ट. एक सांधा गळत होता म्हणून मी संध्याकाळी तिथेच होतो. म्हातारी दारात आली. तिने हाक मारली. कसली लांब हाक ती! वर चढली, थरथरली आणि पडायला लागली. आणि ती खाली पडायच्या आत, चावीवर हात असलेल्या काळुरामने मान वर करून आवाज लावला, “जीऽऽऽ!”

मुद्दाम नाही हो. त्याचं त्यालाही कळलं नाही. आयुष्यभराची सवय, पडती ओळ दिसली, की उचलली.

रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. म्हातारी कंदील घेऊन तरातरा पंपापाशी आली, आणि मला वाटलं आता ती कंदीलच याच्या डोक्यात घालते.

“कौन बोला? मेरे लछू का जवाब किसने दिया?”

काळुरामने हात जोडले. “चुकलं माजं, अम्मा. हाक खाली पडत व्हती. मना राहावलं नाय.”

तिला मराठी किती कळलं देव जाणे. पण तिने त्याच्याकडे कंदील वर धरून बघितलं, सिंधीत पुष्कळ काही सुनावलं आणि निघून गेली. मीही काळुरामला झापलं. लोकांची दुःखं म्हणजे काय तुझा फड आहे, असं काहीसं बोललो. सरकारी कारकुनाला झापायला फारसं कारण लागत नाही.

दुसऱ्या दिवशी हाक आली तेव्हा त्याने तोंडात पंच्याचा बोळा धरला होता. तिसऱ्या दिवशीही. हाक यायची, पडायची, आणि तो खाली मान घालून उभा राहायचा, मार खाल्ल्यासारखा. त्याच्यानंतर एका संध्याकाळी म्हातारी हाक मारून आत गेली नाही. सावकाश चालत पंपापाशी आली.

“आज भी नहीं बोला?”

“तुमी रागावलाव ना, अम्मा.”

“तू लछू नहीं है,” ती म्हणाली. “मैं जानती हूं. मैं पागल नहीं. लेकिन घर में आवाज़ देते हैं तो कोई तो बोले.”

त्या दिवसापासून रोज ती लछूला हाक मारी आणि हा जी ओढी. मग ती एका ताटलीत कोकी नावाची ती त्यांची जाड पोळी आणि भाजलेला पापड घेऊन येई, पंपाच्या कट्ट्यावर ठेवी आणि मागे न बघता परत जाई. ती तिच्या खणात जेवे, हा त्याच्या शेडमध्ये. एकमेकांशी बोलणं फारसं नव्हतंच. तिची हिंदी तुटकी, याची त्याहून तुटकी. मला तर ते बघवायचं नाही. दोन एकटी माणसं, आणि मध्ये एक तिसरा माणूस, जो तिथे नाही. पण काळुराम खूष होता. झील कोणाची का असेना, ती धरायला मिळते, यातच त्याचं समाधान.

असं कितीतरी वर्षं चाललं. मात्र त्यापायी त्याचा फड सुटत चालला. दिवेलागणीचा कार्यक्रम असेल तर तो जायचाच नाही. तानाजी शाहीर एकदा माझ्या कचेरीत येऊन तणतणला, “भाऊसाहेब, तुमच्या पाण्याने आमचा आवाज पळवला हो!” मी म्हटलं, पाण्याने नाही, पापडाने. त्याला काही उमगलं नाही आणि मी सांगितलं नाही.

छप्पन साल उजाडलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव सभा, आणि सभेआधी पोवाडा हवाच. टेंभी नाक्याजवळच्या पटांगणात मोठी सभा ठरली. तानाजी शाहिराने निरोप धाडला: मिठागराच्या माणसांवर काहीतरी हवंय, काळुरामचा तो चौक ठेवू. काळुराम पुढे उभा राहील, मी मागे झील धरतो.

शाहीर स्वतः मागे! निरोप ऐकून काळुरामच्या हातातली चावी खाली पडली. मग चेहरा उतरला. सभा दिवेलागणीची होती.

“नाय जमायचा, भाऊसाहेब.”

“अरे वेड्या, एक दिवस! आयुष्यभर ज्याची वाट बघितलीस ते दारात आलंय.”

“अम्मा हाक मारंल. कोन बोलंल?”

मी आवेशात बोलून गेलो, “मी बोलेन. जा तू.”

तो गेला. धुतलेला सदरा, झांज घरीच ठेवलेली. मी पंपाच्या कट्ट्यावर बसलो आणि मला घाम फुटला. पारनाक्यावरचा पांढरपेशा माणूस मी. घरात बायकोने हाक मारली तर ‘काय आहे?’ म्हणून खेकसणारा. चारचौघांत गळा काढून जी म्हणायचं? रांगेतल्या बाया बघत होत्या. म्हातारी दारात आली, हाक आली, “लछूऽऽ!” हाक पडायला लागली तरी माझा घसा उघडेना. पार पडून गेल्यावर माझ्या तोंडून कसाबसा एक ‘जी’ निघाला, साहेबापुढे म्हणतात तसला.

म्हातारी पंपापाशी आली. “कालू किधर है?”

तिच्या जिभेवर ते काळू कधी आलंच नाही, कालूच यायचं. मी सांगितलं, की तो ठाण्याला गेलाय, गायला. येईल रात्रीच्या गाडीने.

“आएगा?”

“हां अम्मा, आएगा.”

“मुझे भी ऐसे ही बोला था,” ती म्हणाली. “पीछे वाली बोट से आएगा.”

एवढं बोलून ती पंपाच्या कट्ट्यावर बसली. ताटली मांडीवर झाकून धरलेली. मी पुष्कळ सांगितलं, घरी जा, गार लागेल. ती तिथून उठलीच नाही. अंधार पडल्यावर मी सायकल काढली आणि निघालो, आणि सबंध रस्ताभर मला फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम संध्याकाळी पंपावर गेलो. काळुराम चावीपाशी होता, नेहमीसारखा. मी म्हटलं, “काय शाहीर, कसं झालं?”

“हसली लोकं,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. पहिली ओळ झकास लागली. पटांगण शांत. ओळ संपली, आणि मागून शाहिराने झील उचलायच्या आत यानेच ‘जी’ ओढला. स्वतःच्या ओळीवर स्वतःच. शाहिराने डोळ्यांनी खुणावलं. दुसरी ओळ टाकली, परत तेच. ओळ संपली की मागून कोणी येईल एवढा धीर याला धरवेना. लोक आधी चकित झाले, मग हसत सुटले. तानाजी शाहीर मोठ्या मनाचा, त्याने हसत हसत डफ पुढे नेला आणि हा आपल्या मागच्या जागेवर गेला.

“मना वाटलाच नाय, भाऊसाहेब,” काळुराम म्हणाला, “की मागून कोन बोलंल. कवा बोललंय?”

एवढी वर्षं मी त्याला ओळखत होतो. तो रडताना मला पहिल्यांदा दिसला. पंच्याने तोंड पुसून तो म्हणाला, “घरला आलो तं अम्मा हितंच बसलेली. ताटली घेऊन. मना बघितला आनि नुसती बघतच ऱ्हायली.”

मी त्या म्हातारीच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं. बोट सुटल्यापासून तिने ज्याची वाट पाहिली, असा एकही माणूस परत आला नव्हता. काल एक आला.

बराकीत कंदील लागले. ईश्वरीबाई दारात आली. काळुराम सवयीने ताठ झाला, छातीत वारा भरून घेतला, मान वर केली.

“कालूऽऽ!”

हाक वर चढली. काळुराम तसाच उभा. भरलेली छाती तशीच राहिली. त्याची आई त्याला असंच कालू म्हणायची, हे त्याने मला कधीतरी सांगितलं होतं. हाक थरथरली, पडायला लागली, पडली. ज्या माणसाने फडात जन्मात कोणाची ओळ खाली पडू दिली नाही, त्याच्या तोंडून आवाज फुटेना. बादल्या भरून वाहायला लागल्या, बाया ओरडायला लागल्या. शेवटी चावी मीच फिरवली.

म्हातारीने परत हाक मारली, “कालूऽऽ!”

“ओऽऽ,” काळुराम म्हणाला.

तो फडातला आवाज नव्हता. बसका होता, घोगरा होता, बांधापलीकडेही पोचला नसता. पण म्हातारीला पोचला. “अच पुट,” ती सिंधीत म्हणाली, म्हणजे ‘ये बाळा’. “रोटी ठंडी होती है.” आणि आज ताटली घेऊन ती बाहेर आलीच नाही. दार उघडं ठेवून आत गेली.

काळुरामने नळाखाली पाय धुतले, पंच्याने पुसले आणि तिच्या खणाकडे निघाला. मला राहवलं नाही. मी त्याला अडवून विचारलं, “अरे, एवढी वर्षं जी म्हणत होतास. आज ती तुझ्या नावाने बोलावते, तर ओ का?”

तो उघड्या दाराकडे बघत होता.

“जी लछूचा हाय, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “तो आला तं त्याला नको का?”